वेब आणि डिजिटल मीडियाच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदाच निघालात? आधी एक प्रश्न सोबत घ्या

वेब डेव्हलपमेंटच्या कॉन्फरन्सला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवसांत तेरा टॉक ऐकले, वही भरून नोंदी काढल्या आणि तीन टी-शर्ट घेऊन परतलो. ती वही पुन्हा उघडली नाही. टी-शर्ट मात्र बरीच वर्षं टिकले. तेरापैकी बहुतेक टॉक महिन्याभरात यूट्यूबवर फुकट आले. मग मी तिथे गेलो होतो कशाला, याचं उत्तर मलाच देता येईना.

दुसऱ्यांदा गेलो तो डोक्यात एक अडलेलं काम घेऊन. आमच्या एका बातम्यांच्या साइटवर लेखाच्या वरचा मोठा फोटो मोबाइलवर दिसायला चार सेकंदांहून जास्त लागत होते. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या वेबपानांच्या निकषांप्रमाणे एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांच्या आत हवा. आम्ही फोटोचं वजन कमी केलं, फॉरमॅट बदलला, सीडीएन (वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइल पोचवणारी सेवा) बदललं. ढिम्म. मधल्या सुट्टीत शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना हे सहज सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या फोटोला लेझी लोडिंग लावलंय का?" लेझी लोडिंग म्हणजे फोटो पडद्यावर यायची वेळ होईपर्यंत तो न मागवणं. लावलं होतं. आमच्या टेम्प्लेटमध्ये सरसकट सगळ्याच फोटोंना लावलेलं होतं, आणि ब्राउझर बिचारा सांगितल्याप्रमाणे सगळ्यांत महत्त्वाचा फोटो मागे ठेवत होता. तिथेच भिंतीला टेकून लॅपटॉप उघडला, कोडमधली ती खूण काढली, फेचप्रायॉरिटी (ही फाइल आधी मागव असं ब्राउझरला सांगणारी सूचना) 'हाय' केली. दोन महिन्यांचं दुखणं दहा मिनिटांत संपलं.

त्या दिवसापासून मी प्रश्न घेतल्याशिवाय कॉन्फरन्सला जात नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

१. घरी बसून एक प्रश्न लिहून काढा

एका वाक्यात लिहा. "मला व्हिडिओ स्ट्रीमिंग शिकायचंय" हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. "आमच्या थेट प्रक्षेपणात प्रेक्षक प्रत्यक्ष घटनेच्या तीस सेकंद मागे का राहतो, आणि त्यातले किती सेकंद वाचवता येतील?" हा प्रश्न. असं विचारलं की समोरच्याला लगेच उलट विचारता येतं: तुमचे सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचे तुकडे, किती सेकंदांचे? प्लेअर सुरू होण्याआधी किती सेगमेंट साठवतो? सहा-सहा सेकंदांचे तीन तुकडे साठवायचे म्हटलं की अठरा सेकंद तिथेच गेले. संभाषण इथून पुढे आपोआप चालतं.

प्रश्न सुचत नसेल तर गेल्या तीन महिन्यांत सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला ते आठवा, किंवा टीममधला कोणता निर्णय सगळेच पुढे ढकलताहेत ते पाहा. नोकरी शोधत असाल तर तोही प्रश्नच आहे, फक्त तो नेमका हवा: कोणत्या प्रकारच्या टीमला माझ्यासारखा माणूस लागतो?

२. कोणत्या प्रकारची कॉन्फरन्स आहे ते ओळखा

नावात 'कॉन्फरन्स' असलं तरी सगळ्या एका माळेचे मणी नसतात.

काही अक्षरशः जत्रा असतात. वेब समिट डब्लिनमध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये लिस्बनला गेली. तिथे ७० हजारांच्या घरात माणसं जमतात. गुंतवणूकदार, स्टार्टअपवाले, पत्रकार, जाहिरातवाले सगळे भेटतील. सीएसएस ग्रिडवर (पानाची मांडणी करायच्या पद्धतीवर) तासभर डोकं लावणारा माणूसही तिथे असेल, पण तो सापडायचा कसा हा प्रश्न उरतो.

दुसऱ्या टोकाला एका विषयाला वाहिलेल्या कॉन्फरन्स. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेची जेएसकॉन्फ हे त्यातलं मोठं नाव. रायन डाल यांनी २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूमध्ये नोड डॉट जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवायचं साधन, लोकांपुढे मांडलं. २०१८ मध्ये त्याच मंचावर येऊन त्यांनी नोडबद्दल वाटणाऱ्या दहा खंती सांगितल्या आणि त्याच कामाचं डेनो हे नवं साधन दाखवलं. वेबपानं बांधायचं रिॲक्ट हे साधन मुक्तस्रोत झालं (कोड सगळ्यांना खुला झाला) तेही २०१३ च्या जेएसकॉन्फ यूएसमध्ये, आणि तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएलसारखं काहीतरी लिहिलेलं बघून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. अशा ठिकाणी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तुमचा प्रश्न कळण्याची शक्यता खूप जास्त.

कंपन्यांचे स्वतःचे मेळावे वेगळे. गूगल आय/ओ, ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी वगैरे. मुख्य भाषणं घरबसल्या थेट दिसतात. तुम्ही त्याच कंपनीचं तंत्रज्ञान वापरत असाल आणि त्यांच्या इंजिनिअरांशी समोरासमोर बोलायची सोय असेल तरच प्रवास करा.

समुदायाने चालवलेल्या कॉन्फरन्स नवख्यांसाठी मला सगळ्यांत बऱ्या वाटतात. ब्रसेल्सच्या विद्यापीठात दर वर्षी एका शनिवार-रविवारी भरणारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची फॉसडेम पूर्ण मोफत असते आणि नावनोंदणीही लागत नाही. अडचण एकच: खोल्या भरतात, दारावर 'फुल' अशी पाटी लागते आणि मग कोणाच्याही ओळखीने आत जाता येत नाही. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या वर्डकॅम्पची सुरुवात २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाली. आज त्या जगभर होतात, प्रायोजकांमुळे तिकीट परवडतं आणि बऱ्याच ठिकाणी 'कॉन्ट्रिब्यूटर डे', म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्डप्रेसवरच काम करायचा दिवस, असतो. त्या दिवशी नक्की जा. शेजारी बसून कोणाबरोबर तरी एक बग सोडवला की ओळख करून घ्यायला वेगळे शब्द लागत नाहीत. बारकॅम्प हा आणखी मोकळा प्रकार, २००५ पासूनचा: वेळापत्रक सकाळी फळ्यावर, आलेल्या लोकांनीच भरायचं.

डिजिटल मीडियाकडे कल असेल तर ॲमस्टरडॅमला सप्टेंबरमध्ये होणारी आयबीसी आणि लास वेगासला एप्रिलमध्ये होणारा एनएबी शो ही प्रसारण क्षेत्राची दोन मोठी प्रदर्शनं आहेत. पण तिथला भर यंत्रसामग्री आणि व्यवहारांवर. व्हिडिओचे कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) आणि प्लेअर यांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी २०१५ पासून होणारी डीमक्स्ड जास्त उपयोगाची.

शोधायच्या कुठे? कॉन्फ्स डॉट टेक ही लोकांनी मिळून राखलेली यादी चांगली आहे, पण माझी खरी पद्धत उलटी. माझ्या प्रश्नावरचे गेल्या दोन वर्षांतले चांगले टॉक शोधतो आणि ते कोणत्या मंचावर झाले ते पाहतो. दोनतीनदा एकच नाव आलं की जागा ठरली.

३. पैसे भरण्याआधी खरं-खोटं तपासा

"आपल्या भरीव कार्याची दखल घेऊन आपणांस सन्माननीय वक्ते म्हणून निमंत्रित करताना आनंद होतो" अशी ईमेल आली, आणि तुम्ही आजवर एकही टॉक दिलेला नसेल, तर आनंद आवरा. खाली कुठेतरी 'वक्ता नोंदणी शुल्क' लिहिलेलं सापडेल. खरी कॉन्फरन्स वक्त्याकडून सहसा पैसे घेत नाही. गेल्या वर्षीच्या टॉकची रेकॉर्डिंग्ज आहेत का, आयोजकांची नावं दिली आहेत का, जाहीर झालेल्या वक्त्यांनी स्वतःच्या खात्यावर त्याचा उल्लेख केलाय का, या तीन गोष्टी बघायला पंधरा मिनिटं पुरतात. एकाच दिवशी, एकाच हॉटेलात, शेतीपासून सायबर सुरक्षेपर्यंत सगळ्या विषयांची 'आंतरराष्ट्रीय परिषद' असेल तर तिकडे फिरकू नका.

आणखी दोन फसवणुकी खऱ्या कॉन्फरन्सच्या आडून चालतात. एक म्हणजे "आम्ही अधिकृत निवास विभागातून बोलतोय, खोल्या संपत आल्यात" असा फोन. खोली आरक्षित करायची तर कॉन्फरन्सच्या साइटवरच्या दुव्यावरूनच करा. दुसरी म्हणजे 'उपस्थितांची यादी विकत घ्या' अशी ईमेल. ती यादी बहुतेकदा बनावट असते, आणि खरी असली तर चोरीची.

४. तिकीट: घाई करा, पण अटी वाचून

अर्ली बर्ड, म्हणजे लवकर घेतलेलं, तिकीट स्वस्त असतं कारण तेव्हा कार्यक्रम जाहीर झालेला नसतो. तुम्ही आयोजकांवरच्या विश्वासावर पैसे लावता. आधीच्या वर्षांचे टॉक आवडले असतील तर लावायला हरकत नाही.

घेण्याआधी चार गोष्टी बघा. पैसे परत मिळतात का आणि कोणत्या तारखेपर्यंत. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का. वर्कशॉप तिकिटात धरलेली आहे की वेगळी (बहुतेकदा वेगळी असते, आणि ती मुख्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी असते, म्हणजे एक रात्र जास्त). आणि व्हिसा नाकारला गेला तर काय, हे लिहिलंय का. नसेल तर ईमेल करून लेखी घ्या.

खिशाला झेपत नसेल तर शिष्यवृत्ती, विद्यार्थी सवलत किंवा स्वयंसेवक म्हणून जाणं हे तिन्ही मार्ग खरोखर चालतात. लोक अर्जच करत नाहीत, ही गंमत आहे. स्वयंसेवकांना बऱ्याचदा मोफत प्रवेश मिळतो आणि नोंदणीच्या टेबलावर दोन तास बसलं की निम्म्या कॉन्फरन्सला तुमचा चेहरा माहीत होतो. लाजाळू माणसाला याहून सोपी ओळख नाही.

कंपनीकडून खर्च मागणार असाल तर साहेबांना "खूप शिकायला मिळेल" असं लिहू नका. पहिल्या पायरीतला प्रश्न लिहा, त्यावर आत्तापर्यंत किती दिवस खर्ची पडले ते लिहा, त्याच विषयाची दोन सत्रं दाखवा आणि परत आल्यावर टीमला तासभर सांगेन असं कबूल करा. अर्ध्या पानात बसवा.

५. परदेशात असेल तर व्हिसाचं काम सगळ्यांत आधी

इथे मी नवख्यांना सगळ्यांत जास्त अडखळताना पाहिलंय. साखळी अशी असते: व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागतं, निमंत्रणपत्र तिकीट घेतल्यावरच मिळतं, आणि व्हिसा मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून चौथ्या पायरीतली परताव्याची अट इतकी महत्त्वाची.

शेंगेन देशांचं, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचं, उदाहरण घेऊ, कारण लिस्बन, ब्रसेल्स, बर्लिन, ॲमस्टरडॅम सगळी तिथेच येतात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. कॉन्फरन्स दोन दिवस बेल्जियममध्ये आणि भटकंती पाच दिवस फ्रान्समध्ये असेल तर कुठे अर्ज करायचा ते नीट विचारून घ्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो.

सगळ्यांत मोठा सापळा म्हणजे अर्ज सादर करायची वेळ, अपॉइंटमेंट. नियम १५ दिवसांचा असला तरी रिकामी वेळच दोन महिन्यांनंतरची मिळू शकते. कॉन्फरन्सला जायचं ठरलं की त्याच दिवशी अपॉइंटमेंटचं कॅलेंडर उघडा.

नेहमी लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- आयोजकांचं निमंत्रणपत्र, त्यावर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर तसंच
- कॉन्फरन्सच्या तिकिटाची पावती
- नोकरीचं पत्र: पद, रजा मंजूर असल्याचा उल्लेख, खर्च कोण करणार
- बँकेची विवरणपत्रं
- मुक्काम आणि येण्याजाण्याचं आरक्षण, शक्यतो रद्द करता येण्याजोगं
- विम्याचं प्रमाणपत्र

देशागणिक यात भर पडते, तेव्हा त्या दूतावासाची यादीच शेवटची मानायची. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कारण विचारलं तर "कामासाठी आलोय" असं मोघम बोलू नका. त्याचा अर्थ तिथे नोकरी करणार असा होऊ शकतो. "अमुक कॉन्फरन्सला उपस्थित राहायला, इतके दिवस" एवढंच सांगा. टॉक देणार असाल आणि मानधन मिळणार असेल, तर तुमच्या व्हिसावर ते घेता येतं का हे निघण्याआधीच विचारा.

६. वेळापत्रकावर पेन्सिलीने काम करा

एकाच वेळी तीन-चार दालनांत टॉक चालू असतात. प्रत्येक तासाला एक पहिली पसंती, एक दुसरी, आणि दिवसात किमान दोन तास पूर्ण रिकामे. रिकामे ठेवलेले तास वाया जात नाहीत, तेच तुमचं काम करतात.

कशावर खूण करायची? ज्याचं रेकॉर्डिंग होणार नाही ते आधी: वर्कशॉप, प्रश्नोत्तरं, गटचर्चा. रेकॉर्ड होणारा टॉक ऐकायचाच असेल तर तो वक्त्याला नंतर गाठता यावं म्हणून ऐका. कीनोट, म्हणजे मुख्य भाषण, हुकलं तरी जग बुडत नाही. वर्णनात 'प्रायोजित सत्र' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही पाहून ठेवा. ती सगळीच टाकाऊ नसतात, पण शेवटच्या पाच मिनिटांत काय विकायला निघणार आहे ते ठाऊक असलेलं बरं.

ओपन स्पेस पद्धतीच्या (विषय आलेल्या लोकांनीच ठरवायच्या) चर्चांमध्ये 'दोन पायांचा नियम' असतो: जिथे काही शिकतही नाही आणि शिकवतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जायचं. मूळ कल्पना हॅरिसन ओवेन यांची. मी तो मोठ्या दालनातही पाळतो, फक्त त्यासाठी कडेची खुर्ची धरतो. ओळीच्या मधोमध बसून हा नियम पाळता येत नाही.

७. बॅगेत काय हवं

थोडक्यात: ओळखपत्र, तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये साठवून (नोंदणीच्या रांगेत नेट चालेलच असं नाही), पॉवर बँक, त्या देशाच्या सॉकेटचा अडॅप्टर, छोटी वही, पाण्याची बाटली, पायाला सरावलेले बूट. नवे बूट घालून प्रदर्शनाच्या दालनांतून दिवसभर चालू नका, एवढं माझं ऐका.

लॅपटॉपबद्दल जरा जास्त. तो घ्या, पण टॉक चालू असताना बंद ठेवा. निघण्याआधी डिस्क एन्क्रिप्ट आहे का बघा, बॅकअप घ्या, आणि तुमच्या प्रश्नाचा छोटा नमुना त्यात नेटशिवाय चालेल असा तयार ठेवा. हजार माणसं एका वायफायवर असताना "थांबा, रेपो क्लोन करतो" (सगळा कोड नेटवरून उतरवतो) म्हणणाऱ्या माणसापुढे कोणी थांबत नाही. नमुन्यात ग्राहकाची खरी माहिती किंवा एपीआयच्या किल्ल्या (इतर सेवा वापरायचे गुप्त संकेत) राहणार नाहीत एवढं पाहा, कारण मागे उभा असलेला माणूसही पडदा वाचतच असतो.

८. पहिल्या दिवशी सकाळी

आदल्या संध्याकाळी बॅज मिळत असेल तर तेव्हाच घ्या. सकाळची रांग टळते आणि रिकाम्या इमारतीत दालनं, जिने, स्वच्छतागृहं कुठे आहेत ते फिरून पाहता येतं.

बॅजच्या नाडीचा रंग कोणता घ्यायचा असं विचारलं तर गोंधळू नका. काही ठिकाणी एक रंग 'माझा फोटो चालेल' आणि दुसरा 'काढू नका' असं सांगतो. नावाखाली काही लिहायची जागा असेल तर तिथे हुद्दा लिहू नका, आपला प्रश्न लिहा. मी एकदा 'सबटायटल उशिरा का येतात?' असं लिहिलं होतं. लोक थांबून वाचायचे आणि स्वतःहून बोलायला लागायचे.

आचारसंहिता वाचा आणि तक्रार करायचा नंबर फोनमध्ये ठेवा. कोणी त्रास दिला तर ते सहन करणं हा कॉन्फरन्सचा भाग नाही.

९. माणसांशी बोलायचं कसं

आता मुख्य गोष्ट. पहिल्या कॉन्फरन्सला मी प्रत्येक सुट्टीत कोपऱ्यात उभा राहून फोनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचत असल्याचं सोंग करत होतो. आजूबाजूला आणखी आठदहा जण तेच करत होते, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे सुरुवात अशाच माणसापासून करायची. एकटा उभा असलेला माणूस सापडला की "तुम्ही आत्ता कोणत्या टॉकला होतात?" एवढं पुरतं.

गोल करून उभ्या असलेल्या घोळक्यात शिरणं अवघड. यावर एरिक होल्शर या प्रोग्रामरने 'पॅक-मॅन नियम' सुचवला: गोल करताना एका माणसाची जागा नेहमी मोकळी सोडायची, जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅक-मॅनच्या उघड्या तोंडासारखी. आणि कोणी ती जागा भरली की पुन्हा सरकून नवी जागा करायची. अशी फट दिसली की बिनधास्त उभे राहा, दोन मिनिटं नुसतं ऐका. आणि तुम्ही आत असाल तेव्हा फट ठेवा.

ओळख दोन वाक्यांत: काय करता आणि कुठे अडलंय. "मी फलाण्या कंपनीत सीनिअर फ्रंटएंड इंजिनिअर" यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि संभाषण तिथेच संपतं. "मी बातम्यांच्या साइटवर काम करतो, जाहिरात आली की आमचं पान खाली उडी मारतं" यावर मात्र प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, कारण प्रत्येकाचं पान कधी ना कधी उडालेलं असतं.

वक्त्याला गाठायचं तर टॉक संपल्याच्या क्षणी धावू नका. तेव्हा पाचपंचवीस जण असतात आणि वक्त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी भेटा. टॉकमधली एक नेमकी गोष्ट आठवून विचारा. प्रश्नोत्तरांत माइक हातात आला तर तीस सेकंदांत प्रश्न विचारा. "प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे" असं म्हणणाऱ्याकडे सगळं दालन कसं बघतं ते एकदा पाहिलंत की तुम्ही तसं कधीच करणार नाही.

भाषेची भीती? मोठ्या कॉन्फरन्समध्ये बऱ्याच लोकांची पहिली भाषा इंग्रजी नसते. हळू बोला, अडलं तर वहीत आकृती काढा. आर्किटेक्चरची चौकोन-बाणांची भाषा सगळ्यांना येते.

सत्रं संपल्यावरच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना जावंच लागतं असं नाही. गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून मी कित्येकदा परत येऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दालन निम्मं रिकामं असतं आणि वक्ते मोकळे असतात.

१०. प्रदर्शनातले स्टॉल

बॅज स्कॅन करू दिलात म्हणजे तुमचा ईमेल, कंपनी, कदाचित फोन नंबरही दिलात. एका पाण्याच्या बाटलीसाठी वर्षभर विक्रीचे फोन येतात. मी कॉन्फरन्ससाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवतो. पण स्टॉल टाळूही नका: विक्रीवाल्यांच्या मागे बहुतेकदा एखादा इंजिनिअर कंटाळून उभा असतो. त्याला आपला प्रश्न विचारा. त्यांच्या उत्पादनात काय चालत नाही हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि ती माहिती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

११. त्याच रात्री, आणि परतल्यावर

दर रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं. कोण भेटलं, काय बोललो, मी काय पाठवायचं कबूल केलं, एवढंच लिहा. टॉकचा सारांश नको, तो रेकॉर्डिंगमध्ये आहे. तीन दिवसांनी नावं आणि चेहरे यांची फारकत होते.

आठवड्याच्या आत प्रत्येकाला दोन ओळी लिहा: कुठे भेटलो, काय बोललो, आणि कबूल केलेला दुवा. लिंक्डइनवर कोरी विनंती पाठवली तर समोरच्याला तुम्ही कोण हे आठवणार नाही. त्या लेझी लोडिंगवाल्या बाईंना मी आधीचा आणि नंतरचा आलेख पाठवला होता. आजही काही अडलं की आम्ही एकमेकांना विचारतो.

खर्चाच्या पावत्यांचे फोटो जागच्या जागी काढा. छापील पावत्यांवरची अक्षरं हळूहळू उडतात आणि हिशोब विभागाला कोरा कागद चालत नाही.

१२. पुढच्या वेळी मंचावर

सोडवलेला प्रश्न हाच टॉकचा विषय. 'सीएफपी', म्हणजे टॉकसाठीचं आवाहन, बहुतेकदा कार्यक्रमाच्या चार ते आठ महिने आधी निघतं आणि सेशनाइझसारख्या साइटवर भरायचं असतं. पहिल्यांदा पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक मागा. काही ठिकाणी त्याची नोंदणी त्याच दिवशी फळ्यावर होते. प्रस्तावात पहिल्या दोन ओळींत अडचण, मग तुम्ही काय केलं, मग ऐकणारा काय घेऊन जाईल. निवड समिती शेकडो प्रस्ताव वाचते, कोडी घालू नका.

नकार आला तर खट्टू होऊ नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा वर्ल्ड वाइड वेबवरचा निबंध १९९१ च्या हायपरटेक्स्ट परिषदेने नाकारला होता. परिषदेच्या गावी, सॅन अँटोनिओत, त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांना फक्त प्रात्यक्षिकाची जागा मिळाली. तुमचा नाकारलेला प्रस्तावही थोडा बदलून दुसरीकडे पाठवता येतो, आणि एकच टॉक दोनतीन ठिकाणी देणं यात काही गैर नाही.

निवड झालीच तर आयोजकांना तीन गोष्टी लगेच विचारा: प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोण करणार, प्रोजेक्टरला कोणती केबल लागते, आणि पडद्याचं गुणोत्तर काय. कोडचा फाँट मागच्या ओळीतून वाचता येईल इतका मोठा ठेवा. थेट डेमो करणार असाल तर त्याचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर.